पेकिंगचे फादर मातेओ रिच्ची

मिशनरी म्हटला कीं हातीं क्रूस घेऊन चव्हाट्यावर उपदेश करणारा पुरुष आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. फादर मातेओ रिच्ची ह्यांच्या आयुष्याचा बराच भाग मात्र घरीं आलेल्या पाहुण्यापुढें चहाचा पेला ठेवून त्याच्याशीं बोलत बसण्यांत गेला. तो काळ वायां गेला कीं काय, हें वाचकांनींच ठरवावें.

त्यांचा जन्म इटलींतील माचेराता ह्या शहरीं ता. ६ आक्टोबर १५५२ रोजीं झाला. मुलानें कायदा शिकावा अशी वडिलांची इच्छा. पण मुलगा १५७१ सालीं येशूसंघांत शिरला. १५७८ च्या सप्टेंबरांत ते गोव्यास उतरले. त्याच सफरीवर निघालेले फादर रुदोल्फ आक्वाव्हिवा हे पुढें १५८३ सालीं कुंकळ्ळी येथें रक्तसाक्षी झाले. १५८० सालीं कोचीन येथें रिच्चींस गुरुदीक्षा मिळाली. देशी विद्यार्थी गर्विष्ठ होतील ह्या सबबीवर त्यांस तत्त्वज्ञान व ईश्वरविज्ञान शिकूं देऊं नये, असें तेव्हां गोव्यांत ठरत होतें. तिशीही न गांठलेल्या ह्या तरुण पाद्र्यानें १५८१ सालीं थेट रोमास संघाच्या मुख्याधिकाऱ्यांकडे पत्र धाडून ह्या गोष्टीस विरोध केला. आपण हिंदी ख्रिस्ती लोकांनीं हें विसरूं नये.

१५८२ सालीं ते मकावला गेले व पुढल्याच वर्षीं फादर रुज्जेरी ह्यांजबरोबर चीनच्या आंत चाओचिंग येथें राहूं लागले. प्रारंभीं त्यांनीं बौद्ध भिक्षूंप्रमाणें मुंडण करून झगा धारण केला. हेतु चांगला होता, परंतु हिशेब चुकला. कारण विद्वान् मंडळींत भिक्षूंस मान नव्हता.

१५८९ सालीं त्या नगरांतून हुसकल्यावर ते शाओचौ येथें आले. तेथें च्यू ताइसू नांवाचा गृहस्थ त्यांच्याकडे येऊं लागला. बाप मोठा अंमलदार. ह्यानें वडिलोपार्जित संपत्ति उधळलेली. हा परदेशी पाद्री पाऱ्याची चांदी करतो अशी वदंता ऐकून तो आला होता! फादरांनीं त्यास हांकलून दिलें नाहीं. चांदीऐवजीं त्यांनीं त्याला गणित, भूमिति व छायायंत्रें करण्याची विद्या शिकविली. किमया बाजूस राहिली व स्नेह जडला. ह्याच शिष्याच्या सल्ल्यावरून भिक्षूचा वेष टाकून १५९५ पासून ते दाढी राखून पंडितांचा रेशमी झगा वापरूं लागले.

चीनमध्यें भेटीस जाणें हें एक शास्त्रच होतें. प्रथम नांवाची चिठी आंत पाठवावयाची, मग नमस्कार, मग आसन. नंतर चाकर पेले घेऊन येई. चहाबरोबर कांहीं गोड फळ व लहानसा चमचा असे. बोलणें लांबलें तर चहा दोनतीन वेळां फिरे. पुढें परतभेट देणें भागच. फादर रिच्चींनीं हे सर्व सोपस्कार मनापासून शिकून घेतले. भिंतीवरील जगाचा नकाशा, घड्याळ, भूमितीचें पुस्तक, ह्यांविषयीं पाहुणा विचारी. एखादा मग हें सर्व कोणीं निर्मिलें ह्या प्रश्नाकडे वळे.

१५९५ सालीं नानचांग येथें त्यांनीं चिनी भाषेंत पहिलें पुस्तक लिहिलें तें मैत्रीविषयीं. त्यांत पश्चिमेकडील ज्ञात्यांचीं वचनें एकत्र केलीं होतीं. आपल्या इतर कोणत्याही कामापेक्षां ह्या छोट्या पुस्तकानें आपणांस अधिक मान मिळाला, असें त्यांनीं स्वतःच पुढें कळविलें.

१६०१ सालीं ते पेकिंगला पोंचले. बादशहा वान-ली ह्यास घड्याळें नजर केलीं, पण बादशहाचें दर्शन त्यांस कधींच घडलें नाहीं. दर्शन घेण्यास लोकच त्यांच्या दारीं येत. १६०३ सालीं नानकिंग येथें बाप्तिस्मा घेतलेले पंडित पौल श्यू ह्यांच्या साह्यानें त्यांनीं युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा भाग चिनी भाषेंत आणिले. ते १६०७ सालीं छापले गेले.

आणि च्यू ताइसू? तो कित्येक वर्षें बाप्तिस्म्यावांचूनच राहिला. त्याची पत्नी वारली होती व घरीं एक रखेली होती. ती हलक्या कुळांतली म्हणून तिच्याशीं लग्न करण्यास तो कचरत होता. फादरांनीं ख्रिस्तसभेचा नियम शिथिल केला नाहीं व मैत्रीही तोडली नाहीं. कोणतीही एक गोष्ट करणें सोपें होतें. शेवटीं त्यानें तिच्याशीं विवाह केला व १६०५ सालीं इग्नाती ह्या नांवानें बाप्तिस्मा घेतला. पहिल्या भेटीस तेव्हां सोळा वर्षें झालीं होतीं.

१६१० सालीं राजधानींत मोठ्या परीक्षेस प्रांतोप्रांतींचे विद्वान् लोटले आणि फादरांच्या दारीं रीघ लागली. त्यांतच मित्र ली झिझाओ आजारी पडले. फादरांनीं त्यांची शुश्रूषा केली. लिओ हें नांव घेऊन त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. नव्या देवळाचें बांधकामही चालू होतें. थकलेल्या देहानें ता. ३ मे रोजीं अंथरूण धरलें आणि ता. ११ रोजीं, वयाच्या ५७ व्या वर्षीं, फादर रिच्ची परमेश्वराकडे गेले. चीनमध्यें तेव्हां सुमारें अडीच हजार ख्रिस्ती होते.

त्या काळीं पेकिंगांत परदेशी पाद्र्यास मूठमाती देण्यास जागा नव्हती. मित्र अंमलदारांनीं खटपट केली आणि बादशहानें नगराच्या पश्चिम वेशीबाहेर जमीन दिली. १९०० सालच्या दंग्यांत ती समाधि उद्ध्वस्त झाली, ती पुन्हां उभारण्यांत आली. ता. १७ डिसेंबर २०२२ रोजीं पोप फ्रान्सिस ह्यांनीं फादर रिच्चींस पूजनीय म्हणून मान्यता दिली.