मॅजिस्ट्रेट हेन्री फील्डिंग

आपल्या स्मरणिकेत अभिनंदनाचे एक पान दरवर्षी असते. ज्ञातिबांधवांपैकी कोणाची विशेष कार्यकारी अधिकारी म्हणून नेमणूक झाली, तर त्यांचे छायाचित्र त्या पानावर येते आणि ते योग्यच आहे. जुन्या पिढीत त्या जागी ‘जे. पी.’ किंवा ऑनररी मॅजिस्ट्रेट ही बिरुदे असत. मुंबईत जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्या थोर गृहस्थांस ‘जस्टिस ऑफ द पीस’ नेमण्यात आले, तेव्हा तो मोठाच सन्मान मानला गेला. परंतु हे पद ज्या इंग्लंडातून आपल्याकडे आले, तेथे एके काळी त्याची अब्रू पार गेलेली होती. ती परत मिळवण्यासाठी ज्याने आपले आयुष्य झिजवले, त्या हेन्री फील्डिंगचे चरित्र आम्ही येथे सांगत आहोत. साहित्याच्या अभ्यासकांस तो ‘टॉम जोन्स’ या कादंबरीचा कर्ता म्हणून ठाऊक आहे. आमचा विषय त्याची कादंबरी नसून त्याची कचेरी हा आहे.

फील्डिंगचा जन्म २२ एप्रिल १७०७ रोजी सॉमरसेट परगण्यात, मातुल घराण्याच्या वाड्यात झाला. आईचे वडील सर हेन्री गूल्ड हे मोठे न्यायाधीश होते, तर वडील लष्करातील अधिकारी आणि उधळे. अकराव्या वर्षी मातृवियोग, नंतर ईटनच्या शाळेत शिक्षण, मग हॉलंडातील लायडन येथे थोडा काळ विद्याभ्यास आणि पुढे लंडनला येऊन नाटके लिहिणे, असा पूर्वार्धाचा क्रम आहे. त्याच्या प्रहसनांनी पंतप्रधान वॉलपोल इतका चिडला, की १७३७ साली नाटकांवर सरकारी परवान्याचा कायदाच झाला. फील्डिंगचे पोट त्या कायद्याने बुडाले. तिसाव्या वर्षी, बायकामुलांचा भार असताना, तो पुन्हा विद्यार्थी झाला आणि १७४० साली वकिलीची सनद त्याने मिळवली. वकिलीत मात्र जम बसला नाही. १७४४ साली पत्नी शार्लट निवर्तली. तीन वर्षांनी त्याने तिच्याच दासीशी, मेरीशी, विवाह केला. त्यावर लंडनच्या थोरामोठ्यांनी पुष्कळ टवाळी केली. आमच्या मते त्या टवाळीत त्याचे काही उणे होत नाही.

आता मुख्य विषयाकडे वळू. इंग्लंडातील प्रत्येक काउंटीसाठी, म्हणजे परगण्यासाठी, राजाच्या नावाने एक सनद निघत असे आणि तीत ज्यांची नावे घातली जात ते त्या परगण्याचे मॅजिस्ट्रेट होत. त्यांनी किरकोळ गुन्ह्यांचा स्वतः निकाल द्यावा, भारी गुन्ह्यात चौकशी करून आरोपीस तुरुंगात पाठवावे आणि त्रैमासिक सत्रात एकत्र बसून न्याय करावा, अशी रीत होती. पगार नव्हता. परगण्यातील जमीनदारांनी लोकसेवा म्हणून हे काम करावे, ही अपेक्षा असे आणि गरजू मनुष्य आत येऊ नये म्हणून वर्षाला १०० पौंड उत्पन्नाच्या स्थावराची अट कायद्याने घातली होती.

खेडोपाडी हे चालून गेले. लंडनला लागून असलेल्या मिडलसेक्स परगण्यात मात्र घाण, गर्दी आणि गुन्हे एवढे, की खानदानी गृहस्थ त्या कामाला शिवेनात. मग तेथे हलके लोक नेमले जाऊ लागले. प्रत्येक वॉरंटामागे, प्रत्येक जामिनामागे काही शिलिंग फी मॅजिस्ट्रेटास मिळत असे. त्यामुळे भांडण जितके वाढेल तितकी मिळकत वाढे. रात्रीतून पकडून आणलेल्या गरीब बायकांना जामिनावर सोडून आपला खिसा भरणारे हे मॅजिस्ट्रेट ‘व्यापारी न्यायाधीश’ या नावाने कुप्रसिद्ध झाले होते.

फील्डिंग अशा मंडळींत दाखल झाला, तोही वशिल्याने. हे झाकण्याचे कारण नाही. पैशाची निकड होती, बेडफर्डच्या ड्यूकची मेहेरनजर होती. १७४८ च्या अखेरीस वेस्टमिन्स्टरची नेमणूक मिळाली. मिडलसेक्ससाठी स्थावराची अट आडवी आली, तेव्हा ड्यूकनेच काही घरे भाडेपट्ट्याने त्याच्या नावे करून दिली आणि १७४९ च्या जानेवारीत ती नेमणूकही झाली. म्हणजे गरजू मनुष्यास बाहेर ठेवण्यासाठी केलेल्या नियमातून गरजू मनुष्यच आत आला. बो स्ट्रीटवरील ज्या घरात तो राहिला, तेथे पूर्वी सर टॉमस डी व्हेल नावाचा मॅजिस्ट्रेट बसत असे. खाली कचेरी, वर बिऱ्हाड.

आणि येथेच फील्डिंगची कसोटी लागली. त्याच्या आधीच्या एका मॅजिस्ट्रेटाने या जागेतून वर्षाला हजार पौंड कमावल्याची फुशारकी मारली होती. फील्डिंगने हमाल आणि भिकारी यांची भांडणे पेटवण्याऐवजी मिटवण्यास आरंभ केला. ज्याच्याजवळ शेवटचा शिलिंग उरला आहे त्याच्याकडून तो घेण्याचे त्याने नाकारले. परिणामी त्याची मिळकत सुमारे तीनशे पौंडांवर आली, आणि त्यातीलही बराच वाटा कारकुनाकडे जाई. आम्ही पस्तीस वर्षे शाळेत मुले सांभाळली. दोन पोरांचे भांडण आले की दोघांनाही छडी देऊन मोकळे होणे किती सोपे आणि समेट करून पाठवण्यात अख्खी मधली सुट्टी कशी जाते, हे आम्हांस पक्के ठाऊक आहे. येथे तर प्रत्येक समेटात घरची भाकरी कमी होत होती.

चोर पकडण्यासाठी त्या काळी पगारी पोलीस नव्हते. फील्डिंगने हॉबर्नचा मुख्य कॉन्स्टेबल सॉन्डर्स वेल्च याच्या साह्याने सुमारे अर्धा डझन विश्वासू माणसे निवडली. ज्यांच्या घरी चोरी होईल त्यांनी ताबडतोब बो स्ट्रीटवर वर्दी द्यावी, अशी जाहिरात तो वृत्तपत्रांतून करी. १७५१ साली लुटारू का वाढले यावर त्याने ग्रंथ लिहिला आणि जिन नावाच्या स्वस्त दारूवर कठोर शब्दांत आघात केला. त्याच वर्षी पार्लमेंटने त्या दारूवर निर्बंध आणले.

तथापि फील्डिंग चुकला नाही असे नव्हे. १७५३ च्या जानेवारीत एलिझाबेथ कॅनिंग नावाची तरुण मोलकरीण चार आठवडे नाहीशी होऊन परतली आणि एन्फील्ड वॉश येथील एका घरात आपणास कोंडून ठेवले होते, असे सांगू लागली. फील्डिंगचा तिच्यावर विश्वास बसला. त्या घरातील व्हर्च्यू हॉल नावाच्या मुलीची जबानी विसंगत येऊ लागताच त्याने तिला तुरुंगाची धमकी दिली. मग ती कॅनिंगच्या सांगण्याशी जुळणारे बोलली. त्यावरून मेरी स्क्वायर्स या वृद्ध जिप्सी स्त्रीस फाशीची शिक्षा झाली. लंडनच्या लॉर्ड मेयरने, सर क्रिस्प गॅस्कॉइन याने, स्वतः चौकशी केली, तेव्हा त्या मुलीने जबानी मागे घेतली. म्हातारी त्या दिवसांत दूर डॉर्सेटमध्ये होती, असे सांगणारे साक्षीदार निघाले, आणि तिला माफी मिळाली. १७५४ साली कॅनिंगवरच खोट्या शपथेचा गुन्हा शाबीत होऊन तिला अमेरिकेस धाडण्यात आले. तपास करणारा, जबानी घेणारा आणि तुरुंगात पाठवणारा एकच मनुष्य असला म्हणजे त्याच्या सद्हेतूचाही फास होतो. फील्डिंग मात्र आपला बचावच छापत राहिला. येथे आम्हांस त्याची बाजू घेता येत नाही.

त्याच साली उन्हाळ्याच्या अखेरीस तो संधिवाताने जर्जर होऊन बाथ येथे उपचारास निघण्याच्या बेतात होता. तेवढ्यात ड्यूक ऑफ न्यूकॅसलचे बोलावणे आले. शहरात खुनी टोळ्या माजल्या होत्या. फील्डिंगने सहाशे पौंडांची योजना मांडली, आणि पहिले दोनशे हाती येताच थोड्याच दिवसांत एका टोळीचा मोड केला. बाथचा प्रवास राहिला तो राहिलाच. कावीळ, जलोदर आणि दमा यांनी त्याला घेरले. १७५४ च्या जूनमध्ये त्याला उचलून जहाजावर चढवावे लागले. त्या प्रवासाची हकिकत त्याने लिहून ठेवली आहे. ८ ऑक्टोबर १७५४ रोजी, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी, लिस्बन येथे त्याचा अंत झाला, आणि तेथील इंग्रजी दफनभूमीत त्याची समाधी आहे.

बो स्ट्रीटची गादी त्याचा सावत्र भाऊ जॉन याच्याकडे गेली. जॉन एकोणिसाव्या वर्षापासून दृष्टिहीन होता. हजारो चोर तो आवाजावरून ओळखी, अशी आख्यायिका आहे. त्याने १७८० पर्यंत काम पाहिले आणि त्यास ‘सर’ ही पदवी मिळाली. पुढे १७९२ साली पार्लमेंटने मिडलसेक्ससाठी कायदा करून सात कचेऱ्या उघडल्या, प्रत्येकीत तीन मॅजिस्ट्रेट वर्षाला चारशे पौंड पगारावर नेमले, आणि फीचे पैसे त्यांच्या खिशात न जाता सरकारजमा होतील अशी व्यवस्था केली. बो स्ट्रीटवरील मॅजिस्ट्रेटचे कोर्ट २००६ साली बंद झाले.