जर्मनीत स्थानबद्ध झालेल्या मालवणच्या आघारकरांनी कमी पाण्यात जगणाऱ्या झाडांवर डॉक्टरेट केली

पुण्यात आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे. नावं इतकी सारखी की अनेकांना माणूस एकच वाटतो. पण रस्ता समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकरांच्या नावाचा आणि संस्था वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकरांच्या.

आघारकरांचा जन्म १८८४ चा, मालवणचा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवता शिकवता ते सह्याद्री पालथा घालायचे. तिथल्या नदीत त्यांना चक्क गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला.

पुढे कलकत्ता विद्यापीठाने त्यांना प्राध्यापक म्हणून निवडलं आणि शिकायला युरोपला पाठवलं. ते जर्मनीत असतानाच १९१४ चं महायुद्ध पेटलं. ब्रिटिश प्रजाजन म्हणून जर्मनांनी त्यांना स्थानबद्ध केलं. सुटल्यावर त्यांनी बर्लिनमध्ये डॉक्टरेट पूर्ण केली. विषय होता, वायव्य भारतातली कमी पाण्यात जगणारी झाडं आली कुठून आणि पसरली कशी.

अशा झाडांचं आपल्याला काय?

पाणी कमी पडलं की झाड पानांवरची सूक्ष्म छिद्रं मिटून घेतं. वाढ मंदावते, पण ऊन काही थांबत नाही. मग पेशी वाचवायला झाड फिनॉल, फ्लॅव्होनॉइड यांसारखी रसायनं जास्त बनवतं. औषधी गुण बऱ्याचदा यांच्यातच असतात.

म्हणजे दुष्काळात औषध वाढतं का? गोम इथेच आहे. समजा, एरवी १०० किलो मालात २ टक्के औषधी घटक, म्हणजे २ किलो. कोरड्या वर्षी प्रमाण ३ टक्क्यांवर गेलं, पण माल ५० किलोच आला, तर हाती दीड किलो. ताण फारच वाढला तर टक्काही घसरू शकतो.

गोंदियाच्या जंगलातून हिरडा, बेहडा, आवळा गोळा करणाऱ्यांना हे गणित जास्त टोचतं. माल साधारणपणे वजनावर विकला जातो, गुणावर नाही. पावसाने दडी मारली की शेतातलं धानही जातं आणि जंगलातलं वजनही.

आघारकरांनी १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी करायला पुढाकार घेतला. तिचे पहिले संचालक तेच. १९६० मध्ये ते गेले. १९९२ मध्ये संस्थेला त्यांचं नाव मिळालं. औषधी वनस्पतींवर तिथे आजही संशोधन चालतं. मालातला औषधी घटक मोजून भाव द्यायचा असेल, तर अशी तपासणी गोंदियातल्या खरेदी केंद्रापर्यंत पोहोचावी लागेल.