सरकारकडे येणे मागणारे चिंतामणराव देशमुख

कर्ज म्हणजे काय हे तुमच्या घराला सांगावे लागत नाही. पण एकदा राज्यकर्ता इंग्रजच आपला कर्जदार झाला होता. ते येणे मागणाऱ्या चिंतामणरावांची ओळख करून घ्या.

१८९६ साली महाडजवळच्या नाते गावी ते जन्मले. १९१८ मध्ये लंडनला आय. सी. एस. परीक्षेत पहिले आले. नोकरीची बरीच वर्षे मध्यप्रांत-वऱ्हाडात गेली. आपले नागपूर त्या प्रांताची राजधानी. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

महायुद्धात इंग्रजांनी येथून माल नेला, पण रोख दिले नाही. लंडनच्या खात्यात पौंड जमा दाखवले आणि त्यांच्या आधारावर येथे नोटा छापल्या. भाव भडकले. १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसे भुकेने मेली. युद्ध संपले तेव्हा येणे सुमारे १,७०० कोटी रुपये होते. ते कमी करण्याची भाषा इंग्लंडात सुरू झाली. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत चिंतामणराव व सहकाऱ्यांनी हा प्रश्न मांडला. तेथे दाद लागली नाही. पण पुढे करार झाले आणि पैसा टप्प्याटप्प्याने वापरता आला.

१९५२ मध्ये ते अर्थमंत्री असताना भारताने जपानशी तह करून युद्धाची नुकसानभरपाई सोडून दिली. दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवा. घामाचे येणे हक्काने मागावे. पडलेल्याकडून सूड वसूल करू नये.

१९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले. १९८२ मध्ये ते वारले. मुलामुलींना हिशेब शिकवा. हिशेब येतो त्याचे येणे सहसा बुडत नाही.