उलट्या अक्षरांचा उलगडा

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ग्रीन काउंटी नावाचा शेतकऱ्यांचा भाग आहे. १९२५ साली तिथे डॉक्टरांचे एक फिरते पथक दोन आठवडे मुक्कामाला होते. अभ्यासात मागे पडणारी किंवा नापास होणारी मुले तपासणीसाठी पाठवा, असे शिक्षकांना कळवले होते. आलेल्या मुलांत सोळा वर्षांचा एक मुलगा होता. वैद्यकीय नोंदीत तो एम. पी. या आद्याक्षरांनी ओळखला जातो. इतकी वर्षे शाळेत जाऊनही त्याला वाचता येत नव्हते. बुद्धिमापन चाचणीत त्याला ७१ गुण मिळाले. सरासरी १०० धरली जाते, म्हणजे कागदावर तरी तो ‘मंदबुद्धी’ ठरला होता. पण त्याच्याशी बोलल्यावर पथकाच्या प्रमुखांना तो आकडा पटेना. मुलगा चलाख होता, विचारलेले समजून उत्तरे देत होता. चूक मुलात नसून चाचणीत आहे, असे त्यांना वाटले.

हे प्रमुख म्हणजे डॉ. सॅम्युएल टॉरी ऑर्टन. डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना कसे शिकवावे, याचा विचार आज जगभर जिथे जिथे होतो, तिथे त्यांचे नाव येतेच.

ऑर्टन यांचा जन्म १८७९चा, ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरातला. वडील एडवर्ड ऑर्टन हे भूवैज्ञानिक आणि ओहायो राज्य विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष. मुलाने मात्र वैद्यकाची वाट धरली आणि १९०५मध्ये पेनसिल्व्हानिया विद्यापीठाची पदवी घेतली. सुरुवातीची वर्षे मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर इथल्या मनोरुग्णालयात विकृतिशास्त्रज्ञ म्हणून गेली. मेंदूला इजा झालेल्या प्रौढ रुग्णांचा त्यांनी तिथे अभ्यास केला. मेंदूच्या डाव्या बाजूला विशिष्ट ठिकाणी इजा झाली, की चांगला शिकलेला माणूसही वाचणे विसरतो, हे त्यांना ठाऊक होते. १९१९मध्ये ते आयोवा सिटीतल्या नव्या मनोरुग्णालयाचे पहिले संचालक झाले, आणि तिथूनच त्यांचे फिरते पथक निघाले.

वाचता न येणाऱ्या हुशार मुलाची नोंद पूर्वी झालीच नव्हती, असे नाही. ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द जर्मन नेत्रतज्ज्ञ रुडॉल्फ बर्लिन यांनी एकोणिसाव्या शतकातच वापरला होता, तोही प्रौढ रुग्णांसाठी. १८९६मध्ये इंग्लंडच्या डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. ग्लासगोच्या डॉ. जेम्स हिन्शेलवूड यांनी तर ‘जन्मजात शब्दांधत्व’ या विषयावर पुस्तकच लिहिले. पण ही अवस्था फार विरळा आहे, असा समज होता. ऑर्टन यांना त्या एका भागात, दोन आठवड्यांत, वाचनात अडखळणारी पण बुद्धीने साधारण किंवा त्याहून सरस अशी चौदा मुले सापडली. ही गोष्ट विरळा नाही, आपण ती ओळखत नाही, हे त्यांच्या लक्षात आले.

ही मुले ‘बी’ आणि ‘डी’ ही इंग्रजी अक्षरे एकमेकांच्या जागी वाचत, शब्द उलट्या दिशेने वाचत. काही जणांना तर आरशातले अक्षर सरळ अक्षराइतकेच सहज वाचता येई. ऑर्टन यांनी यावर एक उपपत्ती मांडली. मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांत अक्षराची प्रतिमा उमटते, मात्र उजवीकडची आरशातल्यासारखी उलटी असते. डावी बाजू पुरेशी वरचढ झाली नाही, तर दोन्ही प्रतिमांचा घोळ होतो, असे त्यांचे म्हणणे होते. ग्रीक शब्द जोडून त्यांनी या अवस्थेला ‘स्ट्रेफोसिम्बोलिया’ म्हणजे उलटीपालटी चिन्हे असे नाव दिले.

उपपत्तीपेक्षा त्यांचा उपाय जास्त टिकला. त्या काळी अमेरिकी शाळांत अख्खा शब्द चित्रासारखा पाहून पाठ करायची पद्धत जोरात होती. या पद्धतीने अशा मुलांचे नुकसान होते, असा लेख ऑर्टन यांनी १९२९मध्ये लिहिला. त्यांचा आग्रह होता की आधी एकेक अक्षर आणि त्याचा ध्वनी पक्का करावा, मग ध्वनी जोडून शब्द करावा. अक्षर डोळ्यांनी पाहायचे, तोंडाने म्हणायचे, कानांनी ऐकायचे आणि त्याच वेळी बोटाने गिरवायचे.

पुढे ते न्यूयॉर्कला गेले आणि कोलंबिया विद्यापीठात शिकवू लागले. तिथे ॲना गिलिंगहॅम या अनुभवी शिक्षिका त्यांच्यासोबत आल्या. गिलिंगहॅम आणि त्यांच्या सहकारी बेसी स्टिलमन यांनी ऑर्टन यांच्या तत्त्वांवरून पायरीपायरीचा अभ्यासक्रम बांधला. तो आज ‘ऑर्टन-गिलिंगहॅम पद्धत’ म्हणून ओळखला जातो. मुलांच्या वाचन, लेखन आणि बोलण्यातल्या अडचणींवरचे ऑर्टन यांचे पुस्तक १९३७मध्ये आले. चिडचिड, भित्रेपणा, शाळेचा कंटाळा ही न वाचण्याची कारणे नसून बहुधा परिणाम असतात, ही त्यांची भूमिका होती. मुलाच्या मनात दोष शोधणाऱ्या त्या काळात ती वेगळी होती. १९४८मध्ये ते वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने संस्था स्थापन झाली. ‘इंटरनॅशनल डिस्लेक्सिया असोसिएशन’ ती हीच.

त्यांची आरशातल्या प्रतिमेची उपपत्ती मात्र टिकली नाही. अक्षरे उलटी काढणे हा वाचायला शिकणाऱ्या बहुतेक लहान मुलांच्या वाटेवरचा टप्पा आहे, हे आता माहीत आहे. डिस्लेक्सियाचे मूळ बहुतेकदा डोळ्यांत नसते. शब्दातले ध्वनी सुटे ओळखणे आणि ते अक्षरांशी जोडणे जड जाते, हे त्याचे मुख्य कारण मानले जाते. पण म्हणूनच ध्वनी-अक्षरांची नाती क्रमाने, उघडपणे शिकवण्याचा ऑर्टन यांचा आग्रह योग्य ठरला. गिरवण्यामुळे त्यात नेमकी किती भर पडते, याबद्दल संशोधकांत अजून एकमत नाही.

आपल्याकडे दिव्यांग हक्कांच्या २०१६च्या कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला आहे. शाळेतल्या सवलतींना तपासणी आणि दाखला लागतो. पण घरी सुरुवात करायला दाखल्याची वाट पाहायला नको. मराठी वाचणाऱ्या मुलाला ‘घ-ध’, ‘भ-म’ अशा सारख्या दिसणाऱ्या अक्षरांशी झगडावे लागते. काना, वेलांटी, जोडाक्षरे हेही अवघड जाते. एका वेळी एकच जोडी घ्यावी. ताटात रवा पसरून बोटाने अक्षर गिरवावे आणि गिरवताना त्याचा ध्वनी मोठ्याने म्हणावा. रोज दहा-पंधरा मिनिटे पुरतात, रविवारी दोन तास बसवून काही साधत नाही. आधीचे पक्के झाल्याशिवाय पुढचे घेऊ नये. चारचौघांत मोठ्याने वाचायला लावू नये. आणि इतिहास-विज्ञानाचे धडे आपणच वाचून दाखवावेत. वाचन मागे पडले म्हणून समजही मागे पडण्याचे कारण नाही.

एम. पी. सोळा वर्षांचा होईपर्यंत त्याच्याकडे कोणी असे पाहिले नव्हते. ‘लक्षच देत नाही’ असा शेरा तुमच्या मुलाच्या वहीवर पुन्हा पुन्हा येत असेल, तर रागावण्याआधी एकदा त्याच्या शेजारी बसून त्याचे वाचन ऐका. तो नेमका कुठे अडतो, ते तिथेच कळेल.