विजय हजारे : अबोल कर्णधाराचे स्मरण

भारतीय क्रिकेटच्या थोर फलंदाजांची नावे निघाली की गावसकर, तेंडुलकर ही नावे ओठांवर येतात. जुने जाणकार मर्चंट व मंकड यांचीही आठवण काढतात. विजय सॅम्युएल हजारे हे नाव मात्र बहुतेकांना एका करंडकापुरतेच ठाऊक असते. सांगलीच्या एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या या खेळाडूची ओळख आपल्या तरुण पिढीस व्हावी, म्हणून आम्ही हा अल्प परिचय देत आहोत.

हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी झाला. वडील शाळाशिक्षक आणि मुले आठ, त्यामुळे घरात श्रीमंती नव्हती. ऑस्ट्रेलियाचे नामवंत फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. दोन्ही पॅडच्या मध्ये बॅट धरून उभे राहण्याची हजारे यांची पद्धत चारचौघांहून वेगळी होती. ग्रिमेट यांनी ती बदलू नये असाच सल्ला दिला आणि हजारे यांनीही ती अखेरपर्यंत सोडली नाही.

पुण्याशी त्यांचे नाते विशेष आहे. १९३९-४० च्या हंगामात महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध खेळताना त्यांनी पुण्यातच नाबाद ३१६ धावा केल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये भारतीय फलंदाजाने केलेले हे पहिले त्रिशतक होय. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने त्याच वर्षी रणजी करंडक जिंकला.

त्या काळी मुंबईत धर्मवार संघांची पंचरंगी स्पर्धा होत असे. हिंदू, मुस्लिम, पारशी व युरोपियन यांच्याबरोबर १९३७ पासून 'इतर' नावाचा पाचवा संघ आला. भारतीय ख्रिस्ती, ज्यू आदी खेळाडू त्यात एकत्र खेळत. माणसांची धर्मावरून विभागणी करणारी ही स्पर्धा पुढे बंद पडली, हे योग्यच झाले. परंतु १९४३ च्या अंतिम सामन्यात त्या संघासाठी हजारे यांनी जे केले, ते विसरण्याजोगे नाही. हिंदू संघाने ५ बाद ५८१ धावांवर डाव घोषित केला. त्यात विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० धावा होत्या. 'इतर' संघ १३३ धावांत गारद झाला व त्याला फॉलोऑन मिळाला. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावांपैकी एकट्या हजारे यांच्या ३०९ होत्या! धाकटे बंधू विवेक यांच्यासह त्यांनी ३०० धावांची भागीदारी केली. त्यात विवेक यांचा वाटा २१ धावांचा होता, पण एक बाजू त्यांनी निष्ठेने लावून धरली. सामना डावाने गेला.

हरणाऱ्या संघात ताठ उभे राहण्याचे हे कार्य हजारे यांच्या वाट्याला पुनःपुन्हा आले. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेड येथे ऑस्ट्रेलियाने ६७४ धावांचा डोंगर रचला. समोर लिंडवॉल आणि मिलर यांचा तुफानी मारा होता. हजारे यांनी ११६ व १४५ धावा केल्या. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय ठरले. दुसऱ्या डावात सहा सहकारी शून्यावर बाद झाले होते. ब्रॅडमन यांनी त्या सामन्यात द्विशतक केले, पण त्यांचा त्रिफळाही हजारे यांनीच उडवला.

१९५१ मध्ये कर्णधारपद त्यांच्याकडे आले. पहिल्याच कसोटीत, दिल्लीला, त्यांनी नाबाद १६४ धावा केल्या. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने इंग्लंडला एक डाव व ८ धावांनी नमवले. १९३२ पासून कसोटी खेळणाऱ्या भारताचा हा पहिलाच विजय होता. मंकड यांचे १२ बळी, पंकज रॉय व पॉली उम्रीगर यांची शतके यांमुळे तो साकार झाला. कर्णधार मात्र नेहमीसारखेच अबोल राहिले.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये परीक्षा झाली. लीड्सला दुसऱ्या डावात धावफलक शून्य आणि चार गडी बाद! अशा क्षणी हजारे मैदानात उतरले आणि ५६ धावा करून त्यांनी दत्तू फडकर यांच्यासह डाव सावरला. भारताने ती मालिका गमावली. हजारे यांची सरासरी मात्र ५५.५० होती. १४ कसोटींच्या नेतृत्वात विजय एक, पराभव पाच. या आकड्यांकडे बोट दाखवून त्यांना संकोची, बचावात्मक कर्णधार म्हटले गेले. त्या टीकेत काही तथ्य असेलही. परंतु मायदेशी मर्चंट निवृत्त झालेले, परदेशी वेगवान माऱ्यापुढे संघ कोसळणारा, अशा वेळी कर्णधाराने स्वतःची विकेट राखणे हेच संघाचे संरक्षण होते, असे आम्हास वाटते.

३० कसोटींत ७ शतकांसह २१९२ धावा व ४७.६५ ची सरासरी, तसेच प्रथम श्रेणीत ६० शतके ही त्यांची कमाई होय. १९६० मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. १८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्यात, वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज वाघोलीतील मोकळ्या जागांवर खेळणाऱ्या आपल्या मुलांना षटकारांचे आकर्षण आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. पण समोरचे गडी एकामागून एक जात असताना आपली बाजू शांतपणे सांभाळणे, हेही शौर्यच. खेळात, संसारात आणि समाजकार्यात अशी माणसे टाळ्यांची वाट पाहत नाहीत. त्यांची आठवण ठेवणे हे आपले कर्तव्य आहे.