घरात समुद्र आणणारे गॉस

निमो म्हणून मुलांना ठाऊक असलेला नारिंगी-पांढरा मासा आता समुद्रापासून दूर असलेल्या घरांतही दिसू लागला आहे. अहिल्यानगरहून समुद्र गाठायचा तर घाट उतरून दोनशे किलोमीटरहून अधिक जावे लागते. तरीही खाऱ्या पाण्याची टाकी इथे चालू शकते. याचे बरेचसे श्रेय फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्ग अभ्यासकाला जाते. काचेच्या अशा टाकीला ‘ॲक्वेरियम’ हे सुटसुटीत नाव त्यांनीच रुळवले.

गॉस यांचा जन्म 1810 चा, इंग्लंडमधल्या वूस्टरचा. घरची परिस्थिती बेताची. सतराव्या वर्षी न्यूफाउंडलंडला कारकून म्हणून गेले. पुढे कॅनडात शेती केली, ती बसली. मग अमेरिकेत अलाबामात शिक्षकी आणि नंतर जमैकात पक्षी-किडे गोळा करण्याचे काम. पदवी नाही, पण नजर विलक्षण. चाळिशीत लिखाणाच्या अतिश्रमाने प्रकृती ढासळली, तेव्हा 1852 मध्ये ते हवापालटासाठी डेव्हनच्या किनाऱ्यावर गेले. ओहोटीला खडकांत उरणाऱ्या पाण्याच्या कुंडांत ते तासन् तास वाकून बसत. आजारपणाच्या रजेत इतके काम करणारा रुग्ण मला तरी भेटलेला नाही.

तिथले जीव घरी आणले की दोन-चार दिवसांत मरत आणि पाणी नासे. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने त्याआधीच गोड्या पाण्यात वनस्पती आणि मासे एकत्र टिकतात हे दाखवले होते. तेच समुद्राच्या पाण्यात साधण्याचा प्रयत्न दोघेही स्वतंत्रपणे करत होते. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले, त्यात गॉस यांनी जमवलेले जीव होते. पुढच्या वर्षी त्यांचे ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आले आणि घरोघरी टाक्यांचे वेड लागले.

पण लंडनमध्ये राहणाऱ्याने समुद्राचे पाणी आणायचे कुठून? 1854 मध्ये गॉस यांनी समुद्राच्या पाण्याचे रासायनिक विश्लेषण समोर ठेवून साध्या पाण्यात चार क्षार मिसळले: खायचे मीठ, इप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड. (इप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येतात, तेव्हा आमच्या प्रसूतिकक्षात हेच औषध टोचतात.) त्यानंतर त्यांनी जे केले ते मला पाककृतीहून मोलाचे वाटते. त्यांनी घाईने प्राणी सोडले नाहीत. आधी हिरवे समुद्रशेवाळ घातले, सुमारे आठवडाभर पाणी मुरू दिले आणि मगच जीव आत टाकले.

ही वाट पाहणे का आवश्यक, याचे पूर्ण उत्तर पुढे जीवाणूंच्या अभ्यासातून मिळाले. मासा कल्ल्यांतून अमोनिया टाकतो. टाकीतल्या वाळू-दगडांवर वाढणारे जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जीवाणू पुरेसे वाढायला काही आठवडे जातात. तोवर मासे भरले तर ते स्वतःच्याच उत्सर्गाने गुदमरतात.

शिवाय खाऱ्या पाण्यातल्या माशाच्या अंगातले द्रव समुद्राहून कमी खारट असतात, म्हणून त्याच्या शरीरातून पाणी सतत बाहेर ओढले जाते. ते भरून काढायला तो समुद्र पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. प्रवास, हाताळणी किंवा बिघडलेले पाणी यांचा ताण आला की हे काम कोलमडते आणि पाण्यात असूनही माशाच्या अंगातले पाणी कमी होते. जुलाबाने सुकलेल्या रुग्णाशी त्याची तुलना करायला हरकत नाही.

म्हणून मासा कोपऱ्यात लपला, खाईना, कल्ले भराभर हलवू लागला, तर प्रथम पाणी तपासा. खारटपणा दर लिटरला साधारण 35 ग्रॅम हवा, हायड्रोमीटरवर 1.025 च्या आसपास. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवे. ते आढळले तर तेवढ्याच खारटपणाचे आणि तापमानाचे ताजे पाणी तयार करून थोडे थोडे बदला. आपल्या उन्हाळ्यात टाकीतले पाणी भराभर आटते, मीठ मात्र मागे राहते. त्यामुळे आटलेली भर खाऱ्या पाण्याने घालू नये. क्लोरीन काढलेले गोडे, शक्यतो आरओचे पाणी घालावे. आज तयार मिळणाऱ्या समुद्री मिठात कॅल्शियमसह इतर क्षारही असतात. तेव्हा गॉस यांचा चार क्षारांचा प्रयोग घरी करू नका.

अंगावर पांढरे ठिपके दिसले की दुकानदार तांब्याचे औषध देतो. परजीवीवर ते चालते, पण त्याच टाकीतली कोळंबी, समुद्रफूल आणि प्रवाळ त्याने मरतात. घरातले अँटिबायोटिक टाकीत ढवळणे तर फारच वाईट, कारण पाणी शुद्ध ठेवणारे जीवाणूच त्यात मरू शकतात. आजारी मासा वेगळ्या टाकीत न्यावा आणि उपचार तिथे करावेत. नवा मासाही काही आठवडे तिथेच ठेवावा.

1857 मध्ये गॉस यांची पत्नी एमिली स्तनाच्या कर्करोगाने गेली. सृष्टीच्या निर्मितीविषयी त्याच वर्षी लिहिलेले त्यांचे पुस्तक धार्मिकांनी आणि वैज्ञानिकांनी सारखेच झिडकारले. ते लंडन सोडून डेव्हनला कायमचे राहायला गेले आणि समुद्रफुलांवर मोठा ग्रंथ लिहिला. दरम्यान त्यांची पुस्तके वाचलेल्या हौशी लोकांच्या झुंडी बादल्या आणि छिन्न्या घेऊन किनाऱ्यावर उतरत होत्या. नेलेले बहुतेक जीव मरत आणि लोक पुन्हा नवे न्यायला येत. आपल्या लिखाणाचा हा परिणाम त्यांना फार लागला, असे मुलगा एडमंड याने 1907 च्या आठवणींत नोंदवले आहे. गॉस 1888 च्या ऑगस्टमध्ये वारले. ज्या कुंडांनी त्यांना आजारपणातून उठवले, ती त्यांच्या हयातीतच ओकीबोकी झाली होती.