होनस वॅग्नर

बेसबॉल हा अमेरिकेतील लोकांचा आवडता खेळ आहे. त्यात प्रतिपक्षाचा खेळाडू चेंडू टप्पा न देता वेगाने फेकतो आणि फलंदाज लाकडी बॅटने तो टोलवतो. मग चार ठाण्यांची फेरी पुरी केली, म्हणजे एक धाव होते. वेगाने येणारा चेंडू नेमका टोलवणे अतिशय अवघड असते. दहा संधींत तीन यशस्वी टोले साधणारा खेळाडूही उत्तम फलंदाज समजला जातो. अशा या खेळात होनस वॅग्नरने नॅशनल लीगमधील फलंदाजांत आठ वेळा पहिला क्रमांक मिळवला.

वॅग्नरचा जन्म २४ फेब्रुवारी १८७४ रोजी पिट्सबर्ग शहराजवळ झाला. त्याचे आईबाप जर्मनीतून अमेरिकेत आले होते. बाप कोळशाच्या खाणीत काम करी. घरची गरिबी असल्यामुळे वयाच्या बाराव्या वर्षी होनसलाही शाळा सोडून खाणीत जावे लागले. दिवसभर कोळसा भरावा आणि सवड मिळेल तेव्हा भावांबरोबर बेसबॉल खेळावे, असा त्याचा क्रम असे. थोरला भाऊ अल्बर्ट याच्या शिफारशीमुळे १८९५ साली त्याला एका व्यावसायिक संघात जागा मिळाली.

होनसची छाती रुंद, हात लांब आणि पाय धनुष्यासारखे वाकलेले होते. त्याच्याकडे पाहून हा चपळ खेळाडू असेल, असे कोणालाही वाटत नसे. परंतु धावू लागला, की तो भल्याभल्यांना मागे टाकी. १९०० साली तो पिट्सबर्गच्या संघात आला आणि त्याच वर्षी फलंदाजीत पहिला ठरला.

१९०३ साली दोन मोठ्या लीगांच्या विजेत्या संघांत प्रथमच अजिंक्यपदाचे सामने झाले. पिट्सबर्गची गाठ बोस्टनशी पडली. साऱ्यांची भिस्त वॅग्नरवर होती. पण २७ संधींत त्याला अवघे ६ टोले साधले. क्षेत्ररक्षणातही त्याच्या हातून सहा चुका झाल्या. शेवटच्या सामन्यात अखेरचा बाद होणारा खेळाडूही तोच होता. पिट्सबर्ग हरले आणि वर्तमानपत्रांनी वॅग्नरवर टीकेची झोड उठवली.

वॅग्नरने त्या टीकेला खेळानेच उत्तर दिले. पुढील सहा वर्षांत पाच वेळा तो फलंदाजीत अग्रस्थानी राहिला. १९०९ साली पिट्सबर्गला पुन्हा अजिंक्यपदाची संधी मिळाली. या वेळी समोर डेट्रॉइटचा संघ होता. त्यातील टाय कॉब हा बावीस वर्षांचा तरुण त्या वर्षी अमेरिकन लीगमधील सर्वश्रेष्ठ फलंदाज ठरला होता. वॅग्नर पस्तिशीत पोहोचला होता. तरीही त्याने २४ संधींत ८ टोले साधले. कॉबला २६ संधींत ६ टोलेच मिळाले. सात सामन्यांपैकी चार जिंकून पिट्सबर्ग विजयी झाले. सहा वर्षांपूर्वीचा डाग धुऊन निघाला.

याच सुमारास एक तंबाखू कंपनी सिगारेटच्या पाकिटांत खेळाडूंची चित्रे घालू लागली. वॅग्नरने आपले चित्र छापण्यास नकार दिला. मुलांनी त्या चित्रासाठी तंबाखू विकत घेऊ नये, असे त्याला वाटत होते, असे सांगतात. मोबदल्यावरून मतभेद झाला, असेही काहींचे म्हणणे आहे. कंपनीने छपाई थांबवली. त्यामुळे ते चित्र इतके दुर्मिळ झाले, की २०२२ साली त्याची एक प्रत ७२ लाख ५० हजार डॉलरांना विकली गेली.

१९१७ साली वॅग्नर निवृत्त झाला. १९३३ पासून सुमारे दोन दशके त्याने पिट्सबर्गच्या तरुण खेळाडूंना शिकवले. त्याच्या हाताखाली तयार झालेला आर्की वॉन १९३५ साली नॅशनल लीगमधील पहिला फलंदाज ठरला. १९३६ साली बेसबॉलच्या सन्मान-मंडळात पहिल्या पाच खेळाडूंची निवड झाली; त्यांत वॅग्नर आणि कॉब हे दोघेही होते. १९५५ साली पिट्सबर्गमध्ये वॅग्नरचा पुतळा उभारण्यात आला. त्याच वर्षी ६ डिसेंबर रोजी त्याचे निधन झाले.

वॅग्नरच्या नावावर पराक्रम पुष्कळ आहेत. परंतु भर मैदानात अपयश आल्यावरही त्याने बॅट खाली ठेवली नाही. त्याचा खरा मोठेपणा यातच आहे.